फाइलीतल्या हिशेबाला बाहेरचं दार

लोहा तालुक्यात जमीन बोलली जाते एकर-गुंठ्यांत आणि लिहिली जाते हेक्टर-आरमध्ये. शेतकरी सांगतो अडीच एकर, सातबाऱ्यावर असतं 1 हेक्टर 1 आर. पीकविम्याचा अर्ज असो, ई-पीक पाहणीची नोंद असो की बँकेतलं पीककर्जाचं प्रकरण, मधे कुणाला तरी हा हिशेब करावाच लागतो. तो करून देणारी एखादी एक्सेल शीट किंवा पायथनची दहा-पंधरा ओळींची फाइल कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपवर असतेच. कधी ती ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रात असते, कधी नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलीने सुट्टीत वडिलांसाठी लिहिलेली असते. हिशेब बरोबर असतो. पण तो त्या एका लॅपटॉपपुरताच. माळाकोळीच्या किंवा सोनखेडच्या माणसाला तोच हिशेब हवा असेल तर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायची, त्याने आधी पायथन टाकून घ्यायचं, मग ती चालवायची. एवढा खटाटोप कुणी करत नाही. तो माणूस कॅल्क्युलेटर काढतो आणि नव्याने चुकतो.

ही पुस्तिका अशा लिहून ठेवलेल्या फंक्शनला बाहेरचं दार करून देण्याबद्दल आहे. त्या दाराला वेब एपीआय म्हणतात. आतला हिशेब तोच राहतो, त्यातली एक ओळही बदलावी लागू नये असा प्रयत्न असतो. फरक इतकाच की आता इंटरनेटवरचा एक पत्ता त्या फंक्शनचा होतो. त्या पत्त्यावर एकर 2 आणि गुंठे 20 असं विचारलं की उत्तर येतं: हेक्टर 1, आर 1, चौरस मीटर 17. विचारणारा मोबाइल अ‍ॅप असेल, दुसऱ्या गावातली एक्सेल शीट असेल किंवा कुणाची वेबसाइट असेल. आत पायथन आहे की आणखी काही, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

आपण सगळे रोज अशा दारांमधून ये-जा करतो. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये दिले, तर फोनमधल्या अ‍ॅपला आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे स्वतःला माहीत नसतं. ते यूपीआयच्या ठरलेल्या पद्धतीने विचारणा धाडतं, आपली बँक आणि समोरच्याची बँक त्याच पद्धतीने उत्तर देतात. एप्रिल 2016 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही व्यवस्था प्रायोगिक पातळीवर सुरू केली. इतक्या बँकांचं आपापसात जुळलं, ते प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं द्यायचं हे आधी कागदावर ठरलं म्हणून. आधारचंही तसंच आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आधारच्या पडताळणीतला सगळ्यात साधा प्रकार बघा: क्रमांक आणि नाव, जन्मतारीख किंवा बोटाचा ठसा पाठवायचा, उत्तर फक्त होय किंवा नाही. एपीआय शिकवताना हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. विचारलं तेवढंच सांगायचं, आतलं कपाट उघडं टाकायचं नाही, हा संयम त्यात आहे.

इतिहासात फार रमत नाही. 1993 च्या सुमारास वेब सर्व्हरवरून प्रोग्राम चालवण्याची सीजीआय नावाची पद्धत आली, तेव्हापासून फंक्शनला पत्ता देणं शक्य होतं. रॉय फील्डिंग यांनी 2000 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात रेस्ट या रचनेची मांडणी केली आणि लोकांना एक शिस्त सापडली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केलेल्या जेसनमुळे उत्तराचा साचा सुटसुटीत झाला. पायथनवाल्यांसाठी आर्मिन रोनाखर यांचं फ्लास्क 2010 मध्ये आणि सेबास्टियन रामिरेझ यांचं फास्टएपीआय 2018 मध्ये आलं. या पुस्तिकेत फास्टएपीआय वापरलं आहे. फंक्शनला कोणत्या प्रकारचा आकडा हवा हे एकदा लिहिलं की ते आलेली माहिती स्वतः तपासतं आणि वापरायची माहितीही आपोआप तयार करतं, हे त्याचं कारण. फ्लास्कमध्येही हे सगळं जमतं, फक्त तपासणी आपल्या हाताने लिहावी लागते.

खरं काम सुरू होतं ते वेबच्या आधी.

विद्यार्थी पहिल्यांदा जे फंक्शन लिहितात त्यात तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. फंक्शन स्वतःच विचारतं, "एकर किती?" मग हिशेब करतं, मग उत्तर स्क्रीनवर छापतं. एकट्याने वापरायला ते ठीक असतं. पण सर्व्हरवर की-बोर्डसमोर कुणी बसलेलं नसतं. तिथे फंक्शन उत्तराची वाट बघत थांबून राहील, आणि छापलेलं उत्तर सर्व्हरच्या काळ्या खिडकीत पडून राहील, विचारणाऱ्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून पहिली पायरी ही: विचारणं बाहेर, छापणं बाहेर, मधे फक्त हिशेब. आकडे कंसातून आत यावेत आणि उत्तर रिटर्नने बाहेर जावं. ज्याचं फंक्शन आधीपासून असं आहे त्याचं निम्मं काम झालेलंच आहे. ज्याचं नाही त्याने एपीआयचं नाव काढण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवावी. त्या संध्याकाळी त्याला स्वतःचाच कोड नव्याने कळतो, असं मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

यातलाच आणखी एक दोष लवकर दिसत नाही. मधली बेरीज फंक्शनच्या बाहेरच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये साठवायची सवय अनेकांना असते. एकटा माणूस वापरत असताना बिघडत नाही. सर्व्हरवर मात्र दोन रिक्वेस्ट एकाच वेळी येऊ शकतात, आणि मग एकाच्या आडतीच्या पट्टीत दुसऱ्याची हमाली मिसळते. असा दोष रोज दिसत नाही, गर्दीच्या दिवशी दिसतो. म्हणून फंक्शनला जे लागतं ते सगळं त्याच्या हातात द्यायचं आणि जे निघतं ते सगळं त्याच्याकडून घ्यायचं, हा नियम मी पुस्तिकाभर सोडलेला नाही.

आता एकर-गुंठ्यांकडे परत येतो, कारण एपीआयचं सगळं मर्म त्या एका हिशेबात सापडतं. एका एकरात 40 गुंठे. एक एकर म्हणजे 4046.86 चौरस मीटर, एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, हेक्टरात 100 आर. हिशेब चार ओळींचा. पण आपल्याकडे दोन एकर वीस गुंठे लिहिताना सर्रास 2.20 असं लिहितात. वहीत, खरेदीखताच्या टिपणात, फोनवर. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं की टिंबानंतरचे वीस हे गुंठे आहेत. संगणकाला हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी 2.20 म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश एकर.

आकडे मांडून बघा. 2 एकर 20 गुंठे म्हणजे 1 हेक्टर 1 आर 17 चौरस मीटर. 2.20 एकर धरलं तर 89 आर 3 चौरस मीटर. आणि याहून वाईट म्हणजे, 2.20 हा आकडा म्हणून पाठवला की वाटेत शेवटचं शून्य गळून 2.2 उरतं. आता समोरचा त्याला 2 एकर 2 गुंठेही समजू शकतो, म्हणजे 82 आर 96 चौरस मीटर. एका शेताची तीन क्षेत्रफळं, आणि तिन्ही वेळा कोड जसा लिहिला तसाच चाललेला. पहिल्या दोहोंत 12 गुंठ्यांचा फरक आहे. एकरी 30 किलो सोयाबीन बियाणं धरलं तर 9 किलो बियाण्याचा फरक. विम्याच्या अर्जात हेच घडलं तर शेतकऱ्याचं संरक्षित क्षेत्र कमी भरलं जाईल आणि ते त्याला नुकसान झाल्यावर कळेल.

गंमत म्हणजे हेक्टर-आरमध्ये हीच टिंबाची पद्धत बिनचूक चालते, कारण आर हा हेक्टरचा शंभरावा भाग. 1 हेक्टर 1 आर म्हणजे 1.01 हेक्टरच. सातबाऱ्यावरचं टिंब आणि वहीतलं टिंब दिसायला सारखं असलं तरी त्यांचं गणित वेगळं आहे.

फंक्शन लिहिणाऱ्या मुलीच्या डोक्यात हे सगळं असतं, म्हणून तिच्या लॅपटॉपवर कधी चूक होत नाही. तिचं फंक्शन एपीआय झालं की विचारणारा तिला ओळखत नाही आणि ती त्याला ओळखत नाही. डोक्यातलं सगळं आता दारावर लिहावं लागतं. म्हणून या एपीआयमध्ये एकच आकडा घ्यायचा नाही. एकर वेगळे, गुंठे वेगळे. गुंठे शून्याहून कमी नकोत आणि 40 किंवा जास्तही नकोत. कुणी गुंठे 45 पाठवले तर मनाने 1 एकर 5 गुंठे करून टाकायचं की परत पाठवायचं? मी परत पाठवण्याच्या बाजूचा आहे. 45 लिहिणाऱ्याचा एकराचा आकडा चुकला असेल की गुंठ्यांचा, हे आपण बसल्या जागी ठरवू शकत नाही. अशा वेळी सर्व्हरने 422 हा नकाराचा क्रमांक द्यावा आणि सोबत सरळ मराठीत लिहावं: गुंठे 40 पेक्षा कमी हवेत. शून्य हेक्टर असं उत्तर 200 या यशाच्या क्रमांकासह धाडणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण समोरचा प्रोग्राम ते खरं मानून पुढे जातो.

मागे हटून नाही म्हणता येणं हे चांगल्या एपीआयचं लक्षण आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे या पुस्तिकेत चुकीच्या माहितीवर जितकी पानं आहेत तितकी बरोबर माहितीवर नाहीत.

दुसरा मोठा हिशेब ओलाव्याचा. खरिपाचं सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झाला की लोहा, कंधार, अहमदपूरपासून लातूरच्या बाजारापर्यंत सगळीकडे एकच प्रश्न असतो, माल किती ओला. 16 टक्के ओलाव्याचं 20 क्विंटल सोयाबीन वाळवून 12 टक्क्यांवर आणलं तर किती उरेल? पुष्कळ जण सरळ 4 टक्के वजा करतात आणि 19.20 क्विंटल सांगतात. बरोबर पद्धत अशी की कोरडा भाग बदलत नाही. 20 क्विंटलमध्ये 84 टक्के कोरडा भाग, तोच नव्या वजनाच्या 88 टक्के होणार. 20 गुणिले 84 भागिले 88, म्हणजे 19.09 क्विंटल. फरक साधारण 11 किलोंचा. फंक्शन एका ओळीचं, पण त्याला दार करताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, हे फक्त वाळवणीचं गणित आहे. बाजारात प्रत्यक्ष किती कपात होते ते खरेदीदाराच्या रिवाजावर असतं आणि या उत्तराचा आधार घेऊन कुणी भांडायला जाऊ नये. दुसरी गोष्ट त्या 12 ची.

हमीभावाने खरेदी करताना सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट असते. 2024 च्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ज्याने फंक्शनच्या पोटात 12 हा आकडा लिहून ठेवला होता त्याची फाइल त्या दिवशी जुनी झाली, आणि कुणाला कळलंही नसेल. हमीभावाचंही तेच. 2024-25 साठी क्विंटलला 4,892 रुपये, 2025-26 साठी 5,328. असे आकडे फंक्शनच्या आत राहू नयेत. ते बाहेरून यावेत किंवा हंगामाच्या नावासह वेगळ्या तक्त्यात असावेत, आणि उत्तरात कोणती मर्यादा, कोणत्या हंगामाचा भाव धरला ते छापलेलं असावं. एकट्याच्या वापरात याला अति काळजी म्हणता येईल. शंभर जण वापरणार असतील तर तेवढी काळजी घ्यायलाच हवी.

पैशाच्या हिशेबाबद्दल एक इशारा इथेच देतो, कारण तो पुस्तिकेत उशिरा येतो. पायथनला 0.1 अधिक 0.2 विचारा, उत्तर येतं 0.30000000000000004. दोष पायथनचा नाही, दशांश आकडे द्विमान पद्धतीत साठवण्याचा आहे. आडतीच्या पट्टीत वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई असा हिशेब असतो. तिथे एक तर पैशांत पूर्णांक ठेवा किंवा डेसिमल प्रकार वापरा.

मराठीसाठी मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. पायथन 3 मध्ये फंक्शनचं आणि व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं. इतकंच काय, १२ हे देवनागरीत लिहिलेलं अक्षररूप पायथनच्या इंट फंक्शनला दिलं तर ते मुकाट्याने बारा हा आकडा करून देतं. पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला तेच १२ दिलं की ते म्हणतं हा आकडाच नाही. म्हणजे मराठी की-बोर्डवरून शेतकऱ्याने टाकलेला आकडा वाटेत कुठेतरी अडकू शकतो. तो प्रत्येक टप्प्यावर तपासून घ्या, एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडे चालेल असं धरू नका.

पत्त्याचंही असंच. पत्त्यात लोहा असं लिहिलं तर आपल्याला दोन अक्षरं दिसतात. संगणकासाठी ती चार चिन्हं आहेत: ल, ओकार, ह, काना. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात धाडताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. दोन अक्षरांच्या गावाचे छत्तीस कॅरेक्टर होतात. पहिल्यांदा ही लांबलचक ओळ बघितली की मुलं घाबरून गावाचं नाव इंग्रजीत लिहायला लागतात. घाबरू नये. ती ओळ दुसऱ्या टोकाला पुन्हा जशीच्या तशी लोहा होते. तसंच, काही ठिकाणी जेसन उत्तरात मराठी अक्षरांऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे दिसतात. फ्लास्क मुळात तसं करतं, फास्टएपीआय सरळ अक्षरं देतं. दोन्ही वाचली की मजकूर एकच निघतो.

दार दोन्ही बाजूंनी उघडतं, हे तरुणांनी विशेष लक्षात घ्यावं असं वाटतं. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असे रकाने असतात. नोंदणी केली की स्वतःची किल्ली मिळते. तिथे नावं इंग्रजीत आहेत, आपली तूर तिथे अरहर नावाने शोधावी लागते. आपलं ओलाव्याचं फंक्शन आणि तो बाजारभाव जोडला, तर आज माल विकावा की दोन उन्हं देऊन विकावा याचा अंदाज आकड्यांत मांडता येतो. दोन वेगळ्या लोकांनी, एकमेकांना न भेटता लिहिलेले दोन तुकडे असे एकत्र येतात. मराठवाड्यात अशा तुकड्यांची वाण नाही. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे वाचून 65 मिलिमीटरच्या वर गेलं का, म्हणजे अतिवृष्टी धरायची का, हे सांगणारं फंक्शन अकरावीची मुलंही लिहू शकतात. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, लातूरची महाविद्यालयं, इथून दर वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने लिहिला जाणारा कोड तोंडी परीक्षा झाली की पेन ड्राइव्हमध्ये राहतो. त्यातलं एखादं बरोबर चालणारं फंक्शन जरी पत्त्यावर ठेवलं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथून पुढे चालता येईल.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. क्षेत्राचा हिशेब करायला नाव लागत नाही, मोबाइल नंबर लागत नाही, आधार क्रमांक तर नाहीच लागत. जे फंक्शनला लागत नाही ते एपीआयने मागू नये, आणि सहज आलं तरी साठवू नये. 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी हे पाळायला हवं होतं, कारण गावात माणूस आपल्यावर विश्वास ठेवून कागद हातात देतो. तसंच आपल्या उत्तराला सरकारी उताऱ्याचा दर्जा नाही, हे उत्तरातच लिहिलेलं असावं.

आता पुस्तिकेच्या क्रमाबद्दल थोडं. आधी हिशेबाची फाइल आणि दाराची फाइल वेगळी केली आहे. हिशेबाच्या फाइलीला वेबचा वासही नाही, दाराची फाइल तिला फक्त बोलावते. त्यामुळे हिशेब तपासायचा तर सर्व्हर चालवावा लागत नाही: 1 एकर दिला की 40.47 आर आलं पाहिजे, एवढं दोन ओळींत तपासता येतं. मग दाराच्या फाइलीत फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहून त्याला पत्ता द्यायचा आणि युव्हिकॉर्न हा सर्व्हर प्रोग्राम चालू करायचा. आपल्याच लॅपटॉपवर 8000 क्रमांकाच्या पोर्टवर ते उघडतं, आणि पत्त्यापुढे डॉक्स लिहिलं की वापराचं पान तयार दिसतं. त्यानंतर घरच्या वायफायवरून फोनने तेच विचारायचं. आपण लिहिलेलं उत्तर दुसऱ्या यंत्रावर दिसणं, हा टप्पा मी मुद्दाम लवकर घेतला आहे. बाहेरच्या सर्व्हरवर ठेवणं शेवटी आहे. लोह्यातल्या घरातला लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवण्याचा आग्रह धरू नये, वीज गेली की दार बंद होतं आणि ज्याने त्यावर विसंबून काही बांधलं त्याचंही काम थांबतं.

ज्यांचा हिशेब अजून एक्सेलमध्ये आहे त्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथे एका सेलमधलं सूत्र पायथनच्या फंक्शनमध्ये कसं उतरवायचं ते आहे. बाकीच्यांना पहिल्या प्रकरणासाठी पायथन 3 ची अलीकडची आवृत्ती, फास्टएपीआय आणि युव्हिकॉर्न टाकण्यापुरतं इंटरनेट, आणि स्वतः लिहिलेलं, उत्तर हाताने तपासून बघितलेलं एक फंक्शन लागेल. ते नसेल तर एकर-गुंठ्यांचं घ्या.